पाणी ‘मिश्रण’ नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘पाणी हे हायड्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंचे मिश्रण आहे’ असे वाक्य वृत्तपत्रांतील विज्ञानविषयक मजकुरात अजूनही अधूनमधून वाचायला मिळते आणि त्याच ओघात ‘पाण्याचा अणू’ही येतो. या दुसऱ्या चुकीचे मूळ बहुधा भाषांतरात असावे. हिंदीत ॲटमला ‘परमाणु’ आणि मॉलिक्यूलला ‘अणु’ म्हणतात, मराठीत मात्र ‘अणू’ आणि ‘रेणू’. त्यामुळे घाईत पाण्याच्या रेणूचा अणू होऊन बसतो. एवढी चूक एका शब्दाने सुधारते. ‘मिश्रणा’चे तसे नाही. पाणी हे संयुग आहे, म्हणजे त्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे अणू रासायनिक बंधांनी एकमेकांना जोडलेले असतात.

या दोन वायूंचे मिश्रण खरोखरच करता येते. आकारमानाने दोन भाग हायड्रोजन आणि एक भाग ऑक्सिजन एका बाटलीत भरून ठेवले, तर नेहमीच्या तापमानाला ते वर्षानुवर्षे तसेच राहतात, पाण्याचा थेंबही दिसत नाही. कारण दोन्ही वायूंचे अणू आधीच आपापल्या जोडीदाराला धरून असतात आणि त्या जोड्या सुटल्याखेरीज नवी जुळणी होत नाही. ठिणगी पडली, की मात्र स्फोट होतो. (शाळेत हा प्रयोग मी लहानशा परीक्षानळीतच करत असे आणि तेवढ्या आवाजानेही मागच्या बाकावरची मुले जागी होत.) ऑक्सिजनच्या बाह्यतम कवचात सहा इलेक्ट्रॉन असतात, हायड्रोजनकडे एकच, ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या दोन अणूंबरोबर इलेक्ट्रॉनांची भागीदारी करतो, तेव्हा त्याचे अष्टक, म्हणजे बाह्यतम कवचातील आठ इलेक्ट्रॉनांची संख्या, पूर्ण होते आणि हायड्रोजनलाही हवे असलेले दोन इलेक्ट्रॉन मिळतात. हे नवे बंध मोडलेल्या बंधांपेक्षा एकूण अधिक भक्कम असल्यामुळे उरलेली ऊर्जा बाहेर पडते. १८ ग्रॅम, म्हणजे जेमतेम चार चमचे पाणी तयार होताना सुमारे २८६ किलोज्यूल उष्णता सुटते. तेवढ्या उष्णतेने एक लिटर पाण्याचे तापमान जवळजवळ ६८ अंश सेल्सिअसने वाढेल. पाण्यातला हायड्रोजन असा जळून चुकलेला असतो, म्हणून पाणी पेटत नाही, आणि ‘पाण्यावर चालणाऱ्या गाडी’चे दावेही याच हिशेबापाशी अडतात.

मिश्रण आणि संयुग यांतला फरक पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्यांनाही लागू पडतो. एक लिटर पाण्यात सुमारे ८८९ ग्रॅम ऑक्सिजन रेणूंत बांधलेला असतो, पण त्यातला कणभरही माशाच्या कल्ल्यांना उपयोगी पडत नाही. मासा जगतो तो हवेतून पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनवर, आणि तो २५ अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यातही लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपासच असतो. सांडपाण्याने घटतो तो हाच. तेव्हा अशा बातम्यांत नुसते ‘पाण्यातील ऑक्सिजन’ न लिहिता ‘विरघळलेला ऑक्सिजन’ असे लिहावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कोल्हापूर