स्कॅन ठीक, तरी कोमा

महोदय,
पारोळ्याजवळ महामार्गावर दुचाकी घसरून माझा भाचा बेशुद्ध पडला. हेल्मेट नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये फारसं काही दिसेना, म्हणून आम्ही ‘सकाळपर्यंत उठेल’ म्हणत बसलो. तो अकरा दिवस कोमात होता!

जोराच्या झटक्याने मेंदूतले बारीक तंतू ठिकठिकाणी ताणले जातात, तुटतात. साध्या स्कॅनमध्ये ते बऱ्याचदा दिसत नाही. एकाच बाजूला छोटी इजा असली तर सहसा शुद्ध टिकते. पण ती मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत पसरली, किंवा जागं ठेवणारा मस्तिष्कस्तंभ (मेंदूचा खालचा, देठासारखा भाग) दुखावला, की कोमा. शुद्ध किती आहे ते मोजणाऱ्या ग्लासगो मापनात १५ पैकी ८ किंवा कमी गुण म्हणजे हीच अवस्था.

आपल्याकडे लगेच नाकाला कांदा लावतात, तोंडात पाणी ओततात. कृपया असं करू नका. जखमीची मान न हलवता १०८ला फोन करा.

– एक वाचक, अमळनेर