अमेरिकेच्या बातम्यांत सिनेट आणि काउंटीही येऊ द्या

मा. संपादक,

तुमचा पेपर मी रोज ऑनलाइन वाचते, सांगलीला आईबाबांकडे तोच येतो आणि फोनवर आमचं निम्मं बोलणं त्यातल्या बातम्यांवरच होतं. मी ओहायोमधल्या एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात अमेरिकन पॉलिटिक्स शिकवते, म्हणून एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. तुमच्या पानांवर अमेरिका येते ती बहुतेक वेळा अध्यक्षांच्या नावानेच येते, ते काय म्हणाले, कुणावर भडकले, किती टॅरिफ लावलं. ते छापायलाच हवं. पण ज्यांची मुलं, भाचे, पुतण्या इथे आहेत त्यांच्या घरापर्यंत पोचणारे कितीतरी निर्णय भलतीकडेच होतात आणि त्याबद्दल मराठीत नीट समजावून सांगितलेलं फार कमी सापडतं.

ग्रीन कार्डचंच घ्या. नोकरीवरून मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कुठल्याही एका देशाला त्यातली ७ टक्क्यांच्या आसपासच, ही मर्यादा १९९० च्या कायद्यातली आहे. म्हणजे काँग्रेसने, अमेरिकेच्या संसदेने, घातलेली, आणि काढायची तर काँग्रेसनेच. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा ६५ हजार अधिक २० हजार हा कोटासुद्धा कायद्यातच लिहिलेला आहे. सप्टेंबर २०२५ मधे अध्यक्षांनी एच-वन-बीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर फी लावली तेव्हा सगळीकडे हेडलाइन झाली, साहजिक आहे, लोक हादरले होते. पण जुलै २०१९ मधे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, हाउसने, ग्रीन कार्डाची ही देशवार मर्यादा काढायचं बिल ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास केलं, दोन्ही पक्षांची मतं होती, आणि मग ते वरच्या सभागृहात, सिनेटमधे, अडकलं. तिथे चर्चा न करता एकमताने बिल पास करायचा एक मार्ग आहे, पण एका जरी सिनेटरने हरकत घेतली की झालं, आणि तशी हरकत कधी एका पक्षाच्या सिनेटरने घेतली कधी दुसऱ्या. शेवटी डिसेंबर २०२० मधे सिनेटने पास केलं ते वेगळंच व्हर्जन, दोन्ही सभागृहांचा मेळ बसला नाही, जानेवारीत काँग्रेसची मुदत संपली आणि बिल बाद. अध्यक्षांच्या टेबलावर कागद पोचलाच नाही. आपली कितीतरी माणसं अजूनही ग्रीन कार्डाच्या त्या लाइनमधे आहेत, आणि त्यांच्या घरचे टीव्हीवर विचारतात ते एवढंच की नवा अध्यक्ष आपल्या बाजूचा आहे का.

हे बिल मी वर्गात घेते. लिबरल आर्ट्स कॉलेज हा प्रकार आपल्याकडे फारसा माहीत नाही म्हणून सांगते, हजार-दोन हजार मुलं, चार वर्षांची डिग्री, वर्गात पंधरा-वीस जण आणि प्रत्येकाने काही ना काही वेगळ्या विषयांतलंही घ्यायचंच. त्यामुळे केमिस्ट्री करणारी मुलगी आणि व्हायोलिन शिकणारा मुलगा शेजारी बसून अमेरिकेच्या घटनाकारांपैकी एक असलेल्या मॅडिसनचा फेडरलिस्ट १० हा निबंध वाचतात आणि मग हेच बिल कमिटीत आलंय असं समजून भांडतात. मी कुणाला मत द्या हे कधी सांगत नाही, पण कुठला निर्णय कोण घेतं हे त्यांना तोंडपाठ झालं पाहिजे यावर मी हटून बसते.

दुसरं उदाहरण आमच्या ओहायोचंच आहे. २००४ च्या निवडणुकीत गँबियर नावाच्या गावात, जिथे केनियन हे छोटं कॉलेज आहे, मतदानाला फक्त दोन मशिन्स दिली होती आणि त्यातलं एक मधेच काही वेळ बंद पडलं. पोरं दहा-दहा तास रांगेत उभी होती, शेवटचं मत पडलं तेव्हा पहाटेचे चार वाजत आले होते. मशिन्स किती द्यायची हे ठरवलं होतं काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, इलेक्शन बोर्डाने. ओहायोत प्रत्येक काउंटीच्या या बोर्डावर चार माणसं असतात, दोन डेमोक्रॅट दोन रिपब्लिकन, आणि बरोबरी झाली तर राज्यातल्या निवडणुका बघणारे अधिकारी, म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेट, निर्णय देतात, जे स्वतःच एका पक्षाकडून निवडून आलेले असतात. मी मुलांना सांगते की भारतात सगळ्या देशाची लोकसभा निवडणूक एकच आयोग घेतो आणि मतदान केंद्र शक्यतो दोन किलोमीटरच्या आत असावं असा नियम आहे, तेव्हा वर्गात एकदम शांतता होते आणि मग प्रश्नांवर प्रश्न सुरू होतात. एकाच आयोगाकडे एवढी सत्ता देणं बरं का, आयोग नेमतं कोण, त्यावर विश्वास नसेल तर काय करायचं. हे प्रश्न आपल्याही वाचकांना आज चांगलेच ओळखीचे वाटतील.

तर विनंती अशी की ३ नोव्हेंबर २०२६ ला इथे मिडटर्म, म्हणजे अध्यक्षांच्या मुदतीच्या मधे येणाऱ्या निवडणुका, आहेत, हाउसच्या सगळ्या ४३५ जागा, सिनेटच्या तिसऱ्या हिश्शाहून थोड्या जास्त, शिवाय ३६ राज्यांचे गव्हर्नर. त्या वेळी ही अध्यक्षांची परीक्षा वगैरे म्हणून सोडून देऊ नका. इमिग्रेशनचं बिल कुठल्या कमिटीकडे जातं, सिनेटमधे चर्चा थांबवून मतदान घ्यायला ६० मतं का लागतात, ५ लाख ८० हजारांच्या वायोमिंगला आणि ३ कोटी ९० लाखांच्या कॅलिफोर्नियाला सारखेच दोन सिनेटर कसे, मतमोजणी कोण करतं, यावर रविवारच्या पुरवणीत चार-पाच लेखांची मालिका करा. इथे राहणाऱ्या मराठी माणसांना लिहायला सांगा, न्यू जर्सीत आणि टेक्ससमधे स्कूल बोर्डाच्या मीटिंगला नेमाने जाणारे मराठी आईबाप आहेत, त्यांना विचारा. माझी काही मदत होणार असेल तर आनंदाने करेन, तपासून द्यायला किंवा लिहायलाही.

आपली,
एक नियमित वाचक
(मूळ सांगली, सध्या ओहायो)