आधी आईचं दुखणं थांबवणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार वि. वि.

पावसाळ्यात एका रात्री न्हाणीघरात पडलेल्या, खुब्याचं हाड मोडलेल्या माझ्या आईला तुम्ही कॅज्युअल्टीत तपासलंत. तुमच्याकडे रोज असे कितीतरी पेशंट येत असतील, तुम्हाला ती आठवणारही नाही. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनांचे आभार आम्ही पेढे देऊन मानले. तुमची ड्युटी तोवर संपली होती, म्हणून हे पत्र.

त्याआधी आम्ही घराजवळच्या एका दवाखान्यात गेलो होतो. तिथे "फोटो काढल्याशिवाय काही देता येणार नाही" असं सांगून तिला बाकावर ताटकळत ठेवलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, त्यातून जुन्या वळणाची. दुखतंय म्हणून ओरडणं तिला कमीपणाचं वाटतं. ती नुसती पदराचा बोळा तोंडात धरून होती आणि ती गप्प आहे म्हणजे फार दुखत नसावं, असंच सगळ्यांनी धरलं.

तुम्ही तसं धरलं नाहीत. केसपेपर निघायच्या आत स्ट्रेचरपाशी आलात. दुखणं शून्य ते दहापैकी किती, हा हिशेब तिच्या पचनी पडेना, तेव्हा तुम्ही विचारलंत, "आजी, रुपयातले किती आणे दुखतंय?" ती लगेच म्हणाली, "सोळा आणे." बाहेरच्या बाजूला वळलेला, आखूड झालेला पाय पाहून हाड मोडलंय हे तुम्ही ओळखलं होतंच. पायाची बोटं हलतात का, नाडी लागते का ते पाहिलंत, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का ते विचारलंत आणि सिस्टरांना पॅरासिटामॉलचं सलाईन लावायला सांगितलंत. मग सोनोग्राफीच्या मशीनवर बघत जांघेत भुलीचं इंजेक्शन दिलंत. सगळं एक्स-रेच्या आधी!

ते आधी का, हे मला एक्स-रेच्या खोलीत कळलं. मोडलेल्या खुब्याच्या माणसाला खरी मरणप्राय कळ येते ती स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना. इंजेक्शनला अर्धा तास होत आला होता, तुम्ही स्वतः येऊन पुन्हा विचारून गेला होतात, आणि आईने "चार आणे" सांगितल्यावरच तिला हलवू दिलंत. औषध देऊन मोकळं होणारे पुष्कळ असतात. उतार पडला का, हे बघायला परत येणारं माणूस विरळाच.

माझा भाऊ तेव्हा तुमच्याशी जरा चढ्या आवाजात बोलला. दुखणं दाबलं तर निदान चुकेल, मॉर्फिन हे अफूपासूनचं औषध दिलं तर सवय लागेल, ही त्याची भीती. तुम्ही न चिडता समजावलंत की मोडलेलं हाड फोटोत दिसायचं ते दिसणारच. पोटदुखीतसुद्धा वेदनाशामक दिल्याने निदान बिघडतं हा समज अभ्यासांत टिकलेला नाही, उलट वेदना कमी झाली की पेशंट नीट तपासू देतो. आणि मॉर्फिन लागलंच तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून दिलेल्या एखाद-दुसऱ्या डोसाने कोणी व्यसनी होत नाही. फक्त या वयात मॉर्फिनसारख्या औषधांनी गुंगी येते, माणूस भ्रमिष्टासारखं बोलू लागतं, आणि नेहमीची दुखण्याची इंजेक्शनं मूत्रपिंडाला सोसत नाहीत, म्हणून आधी हा जांघेतला ब्लॉक, म्हणजे तेवढाच भाग बधिर करणारं ते भुलीचं इंजेक्शन. शेजारच्या खाटेवर मुतखड्याने तळमळणाऱ्या माणसालाही तुम्ही सोनोग्राफीची वाट न पाहता इंजेक्शन दिलंत, हे मी पाहत होते.

अफूजन्य औषधांच्या धास्तीपायी आपल्याकडे वर्षानुवर्षं पेशंटांनी कळा काढल्या. अमली पदार्थांच्या १९८५च्या कायद्यातल्या परवान्यांच्या कटकटीमुळे कितीतरी दवाखाने मॉर्फिन ठेवायलाच कचरत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन नियम सोपे झाले, पण मनातली धास्ती काही कायद्याने जात नाही. ती तुमच्यासारख्यांच्या वागण्यानेच जाईल असं मला मनापासून वाटतं.

आई आता वॉकर घेऊन अंगणापर्यंत जाते. सलाईन लावताना तिचा हात हातात धरून बसलेल्या सिस्टर आणि तिला अलगद उचलणारे वॉर्डबॉय दादा यांनाही आमचा नमस्कार सांगा. या पत्राची एक प्रत मी तुमच्या अधीक्षकांना देते आहे. ते सोनोग्राफीचं मशीन आणि ब्लॉक देता येणारं माणूस तिन्ही पाळ्यांत कॅज्युअल्टीत असावं, अशी विनंती त्यात केली आहे.

आपली कृतज्ञ,
एका पेशंटची मुलगी