ती शिल्पे चाम लोकांची आहेत

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

व्हिएतनाममधील ‘मी सोन’ या ठिकाणच्या देवळांविषयी मराठीत अधूनमधून लिहून येते, तेव्हा तेथील शिल्पांना बहुधा ‘परदेशातील भारतीय शिल्पे’ म्हटलेले असते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या जतनकामात २०२० मध्ये तेथे वालुकाश्माचे अखंड शिवलिंग उजेडात आले, तेव्हाही सूर हाच होता. त्या कामाचा मलाही अभिमान आहे. परंतु ही शिल्पे घडवणाऱ्या चाम लोकांचा उल्लेख अशा मजकुरात ओझरताच येतो, याची खंत वाटते म्हणून हे पत्र.

आजच्या मध्य व दक्षिण व्हिएतनाममधील चाम लोकांच्या जुन्या चंपा राज्यातील देवळे विटांची असत आणि दगड वापरला जाई तो मुख्यतः मूर्ती, लिंगपीठे आणि दारावरील शिल्पपट्ट यांसाठी. दा नांग येथे १९१९ पासून असलेल्या चाम शिल्प संग्रहालयात मी सोनच्या एका देवळातील सातव्या शतकातले लिंगपीठ ठेवलेले आहे. हे पीठ म्हणजे कैलास, असे अभ्यासक मानतात, आणि म्हणूनच त्यावर तपस्वी कोरले आहेत. मात्र ते केवळ डोळे मिटून बसलेले नाहीत, तर एक जण बासरी वाजवतो आहे आणि दुसरा आपल्या सोबत्याचे अंग रगडून देतो आहे. हातातील पात्रात सोंड घातलेला तेथील गणपती आपल्याला लगेच ओळखू येतो, पण तो उभा आहे. पुढील काळात काही पीठांभोवती स्तनांची सलग रांग कोरली जाऊ लागली. असे पीठ मी आपल्याकडील एकाही देवळात पाहिलेले नाही. देव आणि कथा भारतातून गेल्या हे खरेच, पण त्यांना दगडात असे रूप देणारी दृष्टी चाम शिल्पींची होती.

शिवाय हे लोक इतिहासजमा झालेले नाहीत. १९६९ च्या अमेरिकी बाँबफेकीत मी सोनचे सर्वांत भव्य देऊळ कोसळले, तरी फान रांग शहराजवळील पो क्लोंग गराई या देवळात काते या चाम सणाला पुजारी आजही राजाचा मुखवटा कोरलेल्या लिंगाला स्नान घालून वस्त्रे नेसवतात.

मराठी पर्यटक आता दा नांगला जाऊ लागले आहेत. आपल्या पर्यटन पुरवणीत तेथील समुद्रकिनाऱ्याबरोबर या संग्रहालयालाही जागा द्यावी, आणि या शिल्पांचे छायाचित्र छापताना त्याखाली ‘चाम’ हा शब्द आवर्जून घालावा, ही नम्र विनंती.

आपली नियमित वाचक,
सांगली