तहानेची वाट पाहू नका

पर्वरी
२ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

जैसलमेरच्या ट्रेकला सहा आठवडे राहिले. पाय तयार व्हायला तेवढे लागतातच, म्हणून आजच लिहिते.

संध्याकाळी पाळोळ्याला जाता तेव्हा पाण्याकाठच्या घट्ट वाळूवर चालू नका. भरतीच्या रेषेच्या वर, जिथे पाऊल रुततं तिथे चाला. अशा वाळूत रस्त्याच्या दुपटीहून जास्त ताकद लागते. पहिल्या आठवड्यात २० मिनिटं, पुढे दर आठवड्याला १० वाढवा, आणि एक दिवसाआड. शेवटचे दोन आठवडे पाठीवर ४ किलोची सॅक घ्या. बाबा, पोटऱ्या दुखल्या तर चालेल, पण गुडघ्यात कळ आली तर तिथूनच परत फिरा. तिकडेही कळ सोसत चालू नका, गाईडला लगेच सांगा. मागे जीप असते ती त्यासाठीच.

बुटांसाठी माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. अर्धा नंबर मोठा असू दे. वर जाळी नको, थारची बारीक वाळू त्यातून आत जाऊन टाच सोलते. चालताना टाच गरम लागली की थांबून कागदी चिकटपट्टी लावा. फोड येईपर्यंत थांबलात तर पुढचे दोन दिवस गेले.

आता पाण्याचं, आणि हे नीट वाचा. आपल्याकडे घाम निथळतो, कपडे भिजतात आणि हात आपोआप तांब्याकडे जातो. तिथे हवा इतकी कोरडी की घाम फुटताफुटताच उडून जातो. अंग कोरडं, तहान नाही, आणि शरीरातलं पाणी मात्र चाललेलं. त्यात वयाबरोबर तहान लागणंही मंदावतं. म्हणून घड्याळ बघून प्या: चालताना दर २० मिनिटांनी चार-पाच घोट, दिवसाला माणशी साधारण ३ लिटर. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडतंय. आई, आडोसा नाही म्हणून तू पाणी टाळशील, ते मुळीच करू नकोस. एक जुनी साडी सॅकमध्ये ठेव, दोघींनी धरली की आडोसा होतो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला. पेलाभर पाण्यात ओतलं तर मीठ फार होतं आणि उलट त्रास होतो. बाबांच्या रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे. डॉक्टरांना ट्रेकचं सांगून गोळीचं आणि पाण्याचं दोन्ही विचारून घ्या, मनाने काही बंद करू नका.

थंडीचा अंदाज तुम्हाला गोव्यात बसून येणार नाही. दुपारी २३-२४ अंश, आणि पहाटे पारा ७-८ वर, कधी त्याखालीही. कोरड्या, निरभ्र हवेत वाळूची ऊब सूर्य बुडताच निघून जाते. म्हणून स्वेटर थंडी वाजायच्या आधी, चहा पितानाच चढवा. स्लीपिंग बॅगपेक्षा खालची चटई महत्त्वाची, गारठा जमिनीतून वर येतो; दोन चटया मागून घ्या. आई, खोबरेल तेलाची बाटली नेऊ नकोस, तिथे ते दगडासारखं थिजतं आणि बाटलीतून निघत नाही. रुंद तोंडाच्या डबीत भर, नखाने खरवडून ओठांना आणि नाकपुड्यांना आतून लावता येईल. तिथे सगळ्यात आधी तेच फुटतात.

जेवण चांगलं असतं, पण तिखट-तेलकट. अर्धा किलो उकडे तांदूळ न्या. दुपारच्या विश्रांतीला भिजत घातले की रात्री स्वयंपाक्याला पेज करायला फार लाकडं लागत नाहीत.

उंट आधी मागचे पाय उचलतो, त्यामुळे बसलेला माणूस पुढे फेकला जातो. तेव्हा मागे रेला आणि पलाण घट्ट धरा. उतरतानाही तसंच, कारण तो आधी पुढचे गुडघे टेकतो. सकाळी बूट झटकूनच पाय घाला, विंचू आत बसतात. रात्री तंबूबाहेर टॉर्चशिवाय पाऊल नको. आपल्या कोकणातलं फुरसं तिकडेही आहे. थंडीत ते सहसा दिसत नाही, तरीही.

मूळ आधार कार्ड सोबत असू द्या, सीमेजवळचा भाग आहे. रविवारी संध्याकाळी चालून आल्यावर दोघांच्या पावलांची लांबी कागदावर आखून फोटो पाठवा, म्हणजे बूट मी इथून घेते.

तुमची,
बाय