स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी स्पर्शाची कला हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाच्या निमित्ताने स्मृतिभ्रंशाविषयी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात लक्षणे, औषधे आणि कुटुंबीयांवरचा ताण यांची चर्चा असते आणि ती आवश्यकच आहे. मात्र हा आजार जडलेल्या माणसाने दिवसभर करायचे काय, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळत नाही. अशा रुग्णांच्या हाती त्यांच्या ओळखीच्या पोतांचे, हाताळता येतील असे फलक द्यावेत, ही सूचना मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाविषयीच्या देशव्यापी ‘लासी-डॅड’ पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. त्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले. मराठवाड्याच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आपल्याकडचे वृद्ध म्हणजे बहुतांशी शेतात, चुलीपाशी, जात्यावर किंवा मागावर हातांनी काम करत आयुष्य काढलेली माणसे. त्यांच्या हाती आपण आज देतो काय, तर प्लास्टिकची खेळणी किंवा बालवाडीतील रंगवायची पुस्तके. नाहीतर काहीच नाही. मग ते हात पदर ओढत राहतात, चादरीचे दोरे काढतात, सलाईनच्या नळीशी चाळा करतात, आणि नळी निघाली की खाटेला बांधले जातात. बांधणाऱ्या परिचारिकेला किंवा मुलाला मी दोष देत नाही, कारण त्यांच्यापुढे दुसरा उपाय कोणी ठेवलेलाच नसतो.

अल्झायमर या स्मृतिभ्रंशाच्या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात नव्या आठवणी घडवणारा मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर बाधित होतो, त्यामुळे सकाळी घरी कोण येऊन गेले हे दुपारी आठवत नाही. परंतु वर्षानुवर्षे अंगवळणी पडलेली कामे मेंदूच्या अन्य भागांच्या आधाराने चालतात आणि ती पुष्कळ उशिरापर्यंत टिकतात. स्पर्शाची जाणीवही बराच काळ शाबूत राहते. माझ्या आत्याला अखेरच्या काळात घरातली माणसे ओळखू येत नसत, तरी पुढ्यात कापूस ठेवला की ती तासन्‌तास एकसारख्या फुलवाती वळत असे. त्या वेळी आम्ही त्याला चाळा म्हणत होतो.

परदेशांत या दिशेने बरेच काम झाले आहे. नेदरलँड्समध्ये १९७० च्या दशकात स्पर्श, प्रकाश, ध्वनी आणि गंध यांचा मेळ घातलेल्या ‘स्नूझलेन’ खोल्यांची कल्पना पुढे आली. ब्रिटनमधील रुग्णालयांत बटणे, नाडे आणि निरनिराळ्या पोतांचे तुकडे शिवलेले लोकरीचे हातमोजासारखे मफ रुग्णांना दिले जातात. इटलीतील अँकोना शहरात १९९३ पासून असलेल्या ओमेरो संग्रहालयात शिल्पांच्या प्रतिकृती हाताने चाचपून पाहता येतात. ते मुख्यतः दृष्टिहीनांसाठी उभे राहिले, पण त्यामागचा विचार आपल्यालाही उपयोगी आहे. तिकडची लोकर आणि तिकडची बटणे जशीच्या तशी आणून मात्र भागणार नाही, कारण परभणीच्या आजीबाईंच्या बोटांना त्यांची ओळख नाही.

त्यांच्या ओळखीचे पोत आपल्याकडे विपुल आहेत. गोधडीवरचा धावदोरा बोटांखाली ओळीने उमटतो. घोंगडीचा खरखरीतपणा, हिमरू कापडाचा मऊपणा आणि जुन्या लुगड्याच्या काठाची घट्ट वीण या तिन्हींत डोळे मिटूनही फरक कळतो. बंजारा भगिनींच्या कशिद्यात आरसे आणि कवड्या असतात, आणि तुळजाभवानीच्या भक्ताच्या हाताला तर कवडीची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. शेतकरी पुरुषांसाठी अंबाडीच्या वाखाचा जाड पीळ, कासऱ्याची गाठ, बैलाच्या घुंगरमाळेतील पितळी घुंगरू, वापरून गुळगुळीत झालेला औताचा रुमणा असा फलक होऊ शकतो. स्त्रियांसाठीच्या फलकात जात्याचा खुंटा आणि सुपाची वीण आली पाहिजे. हे सारे भिंतीवर टांगून लांबून पाहायचे नाही, तर मांडीवर घेऊन हाताळायचे आहे. म्हणूनच त्याची रचना जाणत्या कलावंताने करावी, असा माझा आग्रह आहे; रंग, वजन आणि पोत यांचा विचार नसलेला चिंध्यांचा गठ्ठा म्हाताऱ्या माणसाच्या हाती देणे हा त्याचा अवमान आहे.

काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतील. रुग्ण वस्तू तोंडात घालतात, म्हणून मणी, टिकल्या किंवा सुटणाऱ्या कवड्या चालणार नाहीत. आरशाऐवजी न फुटणारा चकचकीत पत्रा, तोही कडा दुमडून, वापरावा. गळ्याभोवती अडकेल इतकी लांब दोरी नको. कापड उकळून धुता आले पाहिजे आणि लाकडाला विषारी रंग लावू नये.

यामुळे आजार बरा होईल असा माझा दावा नाही, आणि स्नूझलेनसारख्या पद्धतींच्या परिणामांविषयीचे शास्त्रीय पुरावेही अद्याप तोकडे आहेत. तरीही रुग्णाच्या आवडीनुसार त्याला दिवसभरात करण्याजोगे काही द्यावे, अशी शिफारस उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे, आणि येथे खर्चही फारसा नाही.

राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा स्वतंत्र कक्ष अभिप्रेत आहे. मराठवाड्यातील एका जिल्ह्याने आरंभ करावा: छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कला महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी आराखडे करावेत, ‘उमेद’शी जोडलेल्या बचत गटांतील महिलांनी रास्त मोबदला घेऊन ते शिवावेत, आणि कक्षातील परिचारिकांनी काही महिने साधी नोंदवही ठेवावी. कोणता फलक कोणी हाती घेतला, कोणता दूर सारला आणि तेवढा वेळ हात मोकळे ठेवता आले का, एवढे त्यात लिहिले तरी पुढचे फलक कसे करायचे हे ठरवता येईल.

आपली,
एक निवृत्त कलाशिक्षिका, परभणी