आप्पा, भीमा-सीनेमधली वाट तुम्ही दिलीत

आदरणीय आप्पा, साष्टांग नमस्कार.

तुमच्या घरी येऊन आभार मानले तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणून तुम्ही विषय बदललात आणि शाळूच्या भावाचं काढलंत. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय. नाव-गाव लिहू नका म्हणालात, ते पाळलंय. पण हल्ली सोलापूरचे आणि बाहेरचेही सायकलवाले आम्हाला या वाटेबद्दल विचारतात, आणि ती आम्हीच शोधली असं समजून आमचं कौतुक करतात. ते कौतुक तुमचं आहे. तुमचा नातू हे वाचून दाखवेल, तेव्हा मध्येच थांबवू नका.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सायकलींना ग्रॅव्हल बाईक म्हणतात. हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं, टायर मात्र रुंद, चाळीस मिलिमीटरच्या आसपासचे. त्यांत हवा कमी ठेवायची, म्हणजे खडीमुरमावर चाक उडत नाही, जमीन धरून चालतं. टायरमध्ये ट्यूब नसते, पातळ चीक असतो. बाभळीचा काटा किंवा सराटा घुसला की तो चीकच भोक बुजवतो. डांबर सोडून मातीच्या रस्त्यानं लांब जायचं, त्यासाठी हे वाहन. आणि सोलापुरातून मंगळवेढ्याकडे निघालं की आता चौपदरी रस्ता आणि त्यावरचे ट्रक. कारखाने सुरू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर. तिथून बाजूला होऊन तिऱ्ह्याला सीना ओलांडायची, बेगमपुरापर्यंत जायचं आणि मग भीमा डोळ्यांसमोर ठेवून खाली हत्तरसंग कुडलच्या संगमापर्यंत पोचायचं, असं आमच्या मनात होतं. दोन नद्यांच्या मधला पट्टा धरायचा आणि तो जिथे संपतो तिथे थांबायचं.

मोबाईलवर सगळं दिसत होतं. वरून काढलेल्या फोटोत पांढऱ्या रेघा होत्या, त्या रेघा एकमेकींना जुळतही होत्या. कामतीच्या हॉटेलात आम्ही त्या रेघा बोटानं जोडत बसलो होतो आणि तुम्ही शेजारच्या बाकड्यावरून ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणालात, "वाट दिसती त्यात, माती दिसती का?"

पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून तुमची सगळी नोकरी झाली. उजनी धरणाचं पाणी कालव्यानं आलं की कुरुल शाखेवर कुठल्या चारीला, म्हणजे शेतांकडे जाणाऱ्या पाटाला, कुठलं दार कधी उघडायचं, कुणाची पाळी रात्रीची, कुणाची पहाटेची, शेपटाच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी का पोचत नाही, हे तुम्ही चालून आणि सायकलीवर फिरून शिकलात. ती सगळी शिकवण त्या दिवशी हॉटेलच्या बाकड्यावर बसून तुम्ही आम्हाला दिलीत. मी वहीत उतरवून घेतली. त्यातलं थोडं इथे देतो, कारण या खोऱ्यात सायकल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला ते लागणार आहे.

काळ्या रानातली पाणंद उन्हाळ्यात दगडासारखी असते. पण एक सर झाली की तीच माती फुगते, चाकाला, फ्रेमला, ब्रेकच्या फटीत अशी बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. मुरमाच्या माळावर पाणी मुरून तासाभरात वाट मोकळी होते. म्हणून पावसानंतर नदीकाठ सोडायचा आणि दोन नद्यांच्या मधला उंचवटा धरायचा. कालव्याच्या भरावावरचा रस्ता चांगला, पण आवर्तन सुरू असताना, म्हणजे कालव्याला पाणी सोडलेलं असताना, भरावाच्या खालची बाजू घ्यायची नाही, तिथे पाझर असतो आणि वरून कोरडी दिसणारी जमीन आत चिबड असते. रस्त्याच्या कडेला लव्हाळा किंवा पाणकणीस दिसलं की समजायचं. हिरव्यागार उसातून जाणारी वाट मोहात पाडते, पण ती बहुतेक वेळा विहिरीपाशी संपते. ज्वारीच्या, करडईच्या रानातली वाट पुढच्या गावाला जाते, कारण जिरायती रानात लोक अजून पायवाटेनं जातात-येतात.

हे शेवटचं मला फार पटलं, आप्पा. मी या जिल्ह्यात जन्मलो, वाढलो, आणि पिकावरून रस्ता ओळखता येतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

निघायच्या आदल्या रात्री अवकाळीचा शिडकावा झाला. आम्हाला शहरात कळलंही नव्हतं. तुमचा फोन आला. वडापूरच्या बाजूला नदीकाठानं जाऊ नका, माळावरनं जावा, आणि पुढच्या तीन शेतकऱ्यांना मी सांगून ठेवलंय, त्यांच्या बांधावरनं गेलात तरी चालेल. त्या फोनसाठी मी तुमचा किती ऋणी आहे हे शब्दांत नीट येत नाही. आमच्यात एक कॉलेजची मुलगी होती, पहिल्यांदाच एवढ्या लांब निघालेली, आणि एक साठी ओलांडलेले गृहस्थ होते. चिखलात ते दोघे अडकले असते तर आमची ती पहिली आणि शेवटचीच फेरी ठरली असती.

बेगमपुरात तुम्ही स्वतः येऊन थांबला होता, तुमच्या जुन्या काळ्या सायकलीवर. पुलावरून माचणूरला घेऊन गेलात. औरंगजेबाची छावणी इथे १६९५ ते १६९९ होती, हे आम्ही वाचलं होतं. दिल्लीचा बादशहा भीमेच्या या वळणावर चार वर्षं ठाण मांडून बसला आणि इथूनच सातारा घ्यायला निघाला. पण त्यानं हीच जागा का धरली, हे माचणूरच्या किल्ल्याच्या तटावर उभं राहून तुम्ही दाखवलंत. नदीच्या अंगाला उंच कडा, पुराचं पाणी वर येत नाही, उन्हाळ्यातही डोहात पाणी राहतं, आणि नदी पायी ओलांडायचा उतार कुठे आहे ते नजरेच्या टप्प्यात. पाण्याचा हिशेब सांभाळण्यात आयुष्य गेलेला माणूस किल्ला असाच बघणार. सिद्धेश्वराच्या घाटाच्या पायऱ्यांवर बसून आपण शेंगाची चटणी आणि भाकरी खाल्ली. पलीकडे बेगमपुरात बादशहाच्या मुलीची कबर म्हणून दाखवतात, तिथेही तुम्ही आम्हाला शांतपणे उभं राहायला सांगितलंत.

तुम्ही तिथून परतलात आणि आम्ही पुढे माळाला लागलो. सोलापूर म्हटलं की बाहेरचे लोक जंगल कुठलं तिथे, असं म्हणतात. माझं स्पष्ट मत आहे की त्यांनी हा पट्टा बघितलेलाच नाही. नदीला लागून करंज, चिंच, बाभळीची दाट रांग, आणि वर माळावर हिवर, बोरी, तरवड, कुसळी गवत. हे काटेरी माळरानच इथलं जंगल. माळढोकासाठी नान्नजला १९७९ साली अभयारण्य झालं ते अशाच गवतावर. चंडोल गाडीच्या पुढे पुढे उठत होते. एक खोकड वाटेवर थांबून आमच्याकडे बघत राहिलं आणि मग घाई न करता बोरीत शिरलं. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी गवतावरून अगदी खाली उडतात, तेही दिसले. ही जमीन पडीक म्हणून लिहिली जाते आणि म्हणूनच ती जाते, कधी मुरूम काढायला, कधी प्लॉट पाडायला. ती वाचली पाहिजे.

मंद्रूपच्या पुढे विजापूरचा महामार्ग ओलांडला. टाकळी आणि औजच्या बाजूला नदीत अडवलेलं पाणी दिसलं. सोलापुरातल्या माझ्या घरच्या नळाला जे पाणी येतं त्यातलं काही उजनीतून नदीपात्रात सोडतात, ते भीमेनं वाहत वाहत औजच्या बंधाऱ्यात येतं आणि टाकळीहून उपसून शहराला देतात. वर्षानुवर्षं ते पाणी मी पितोय. सायकलीवरून त्याच्या सोबतीनं चालल्यावर पहिल्यांदा ते आलं कुठून हे डोळ्यांनी दिसलं, आणि वरच्या गावांचे पंप बंद ठेवून आमच्यासाठी पाणी पुढे सोडताना तुम्हा लोकांना काय ऐकून घ्यावं लागत असेल, तेही समजलं.

कुडलला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उजवीकडून भीमा, डावीकडून सीना, आणि मधला पट्टा संपलेला. संगमेश्वराच्या मंदिरात तुळईवरचा लेख बघितला. शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८. काळ कोरलेल्या सर्वांत जुन्या मराठी शिलालेखांपैकी हा एक. जो वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. सोलापूरच्या आनंद कुंभार यांनी गावोगाव फिरून शिलालेख शोधले, त्यांच्यामुळे हा लेख अभ्यासकांपुढे आला. शेजारच्या हरिहरेश्वर मंदिरात एकाच दगडात तीनशे एकोणसाठ मुखं कोरलेलं शिवलिंग आहे. हे मंदिर मातीखाली गाडलं गेलेलं होतं, ते मोकळं केलं गेलं. आमच्यातली ती मुलगी त्या लिंगाभोवती किती तरी वेळ फिरत होती, मुखं मोजत. पुजाऱ्यांनी तिला हटकलं नाही, उलट कुठून मोजायला सुरुवात करायची ते सांगितलं. तिनं आता मोडी लिपी शिकायला घेतली आहे आणि इतिहास घेऊन बी. ए. करायचं म्हणते. आप्पा, हे तुम्हाला कळावं म्हणूनही हे पत्र आहे.

जे इथे सायकल घेऊन येणार आहेत त्यांना माझी विनंती आहे. आप्पांनी ज्यांना सांगून ठेवलं ती शेतं आहेत, रस्ते नाहीत. शाळू उभा असताना बांधावर सायकल हातात धरून चाला. कालव्याच्या दाराला, चारीच्या फळीला हात लावू नका, तिच्यावर कुणाची तरी रात्रीची पाळी अवलंबून असते. हुरडा दिला तर खा, मागू नका. भेटेल त्या माणसाला रामराम घाला आणि माती विचारा, वाट आपोआप कळते. पुढची फेरी आखणाऱ्यांना मी वहीची पानं देईन, पण आप्पांसारखी माणसं गावोगाव आहेत. निवृत्त पाटकरी, मेंढरं घेऊन फिरणारे धनगर, पोस्टमन. त्यांच्याकडे बसा.

आता माझं एक काम. तिऱ्ह्यापासून वडकबाळपर्यंत सीनेच्या काठानं वाट निघते का, हे मला विचारायचं आहे. पुरानंतर तिथले काठ किती खचलेत आणि बंधाऱ्यांवरून सायकल नेता येते का, हेही. सुगी झाली की रविवारी सकाळी येतो, वही घेऊन. काकूंना सांगा, जेवायला दोघं असू, भाकरी आणि शेंगाची चटणी पुरे. नातवाच्या सायकलीचा मागचा ब्रेक मी येताना आणतो.

आपला,
सोलापूरच्या सायकलवाल्यांपैकी एक